कायद्यात नाव कुणाचं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरातलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे. मधल्या घोषणा आणि दोन-तीन शिव्या तेवढ्या गाळल्या.)



मागच्या बैठकीत ठरावातल्या तिसऱ्या मागणीला मी एकट्याने हात वर करून विरोध केला. तेव्हा मागून आवाज आला, "ह्याला त्या बागायतदाराने वकीलपत्र दिलं काय?" ज्याने विचारलं तो आज समोरच बसलाय. बरं झालं. त्याच्यासाठीच बोलणार आहे. अध्यक्षांनी अर्धा तास दिलाय. रात्रपाळी करून आलोय, घसा बसलाय, तेवढं सांभाळून घ्या.

नव्या पोरांसाठी आधी प्रकरण सांगतो. त्या गावात आपल्या घरांनी गायरान कसलं. पडीक, दगडगोट्यांची जमीन, जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं ती. ज्वारी उभी राहिली तेव्हा मात्र सगळ्यांना ती दिसायला लागली. ज्याच्या घरात सरपंचकी, सोसायटी आणि साखर कारखान्याचं संचालकपद तिन्ही नांदतात त्या माणसाने पिकात जनावरं घातली. चौथ्या रात्री खोपटी पेटली. गावाचं नाव आणि त्याचं नाव मी इथे घेत नाही. साक्षीदार आपलेच आहेत आणि ते अजून तिथेच राहतात.

आता तिसरी मागणी. ती अशी आहे: "सदर इसमाची सर्व स्थावर मिळकत सरकारजमा करणारा व त्यास जिल्ह्यातून कायमचा हद्दपार करणारा खास कायदा विधानसभेने त्याच्या नावानिशी करावा."

ही ओळ रागाने लिहिलीय. राग माझ्याही पोटात आहे, जळकी कणसं मीही हातात घेऊन पाहिलीत. पण ही ओळ आपण विधानसभेकडे मागतोय, आणि मागतोय काय, तर एका माणसाचं नाव घालून कायदा. हे हत्यार आपल्याआधी दुसऱ्यांनी वापरून झालंय. कुणावर वापरलं ते ऐका.

गोष्ट अमेरिकेची आहे, पण गोदी सगळीकडची सारखीच. हॅरी ब्रिजेस नावाचा माणूस. १९०१ चा जन्म, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा. खलाशी म्हणून बोटीवर चढला, १९२० साली अमेरिकेत उतरला, आणि दोनेक वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर माल उचलायला लागला. तिथली रीत अशी की सकाळी माणसांनी घोळका करून उभं राहायचं आणि मुकादमाने बोट दाखवायचं. तू ये, तू ये, तू घरी जा. कालपर्यंत ज्याचा खांदा चालत होता तो आज युनियनचं बोलला की घरी. आमच्या मुंबईच्या गोदीतली म्हातारी माणसं टोळीवाल्याच्या गोष्टी सांगायची त्या ह्याहून वेगळ्या नव्हत्या. १९४८ साली डॉक वर्कर्सचा कायदा झाला, पुढे बोर्ड आलं, तेव्हा कुठे नाव नोंदून पाळीपाळीने काम मिळायला लागलं. (आज कंत्राटदाराच्या रूपाने टोळीवाला परत आलाय. पण तो विषय काढला तर अर्धा तास त्यातच जाईल.)

तर ९ मे १९३४ ला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची सगळी बंदरं बंद पडली. संप ८३ दिवस चालला. ५ जुलैला पोलिसांनी सॅन फ्रान्सिस्कोत गोळ्या चालवल्या, दोन माणसं मेली. त्यानंतर अख्खं शहर चार दिवस बंद. शेवटी धक्क्यावरचा घोळका बंद झाला. काम हॉलमधून मिळायला लागलं आणि नावं पुकारणारा माणूस युनियनचा आला. ह्या सगळ्याच्या पुढे होता ब्रिजेस.

मालकांच्या डोळ्यात तो सलणारच. आणि तो अमेरिकेचा नागरिक झालेला नव्हता. मग सोपं आहे, हाकला. कम्युनिस्ट पक्षाचा सभासद आहे असा आरोप ठेवून १९३९ साली चौकशी लावली. चौकशी करणारा कोण, तर हार्वर्डच्या लॉ स्कूलचा डीन जेम्स लँडिस. कामगारांचा कुणी सोयरा नव्हे. त्याने साक्षी तपासल्या, उलटतपासण्या ऐकल्या आणि सांगितलं, आरोप सिद्ध होत नाही.

पुढचं नीट ऐका. चौकशीत हरल्यावर जून १९४० मध्ये तिथल्या काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने एक विधेयक पास केलं. त्यात हॅरी ब्रिजेसचं नाव होतं. बाकीचे कायदे काहीही म्हणोत, ह्या माणसाला देशाबाहेर काढा. मतं ३३० विरुद्ध ४२. ना साक्ष, ना पुरावा, ना पिंजरा. हात मोजले आणि झालं.

सरकारचाच अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन ह्याने विरोध कळवला. त्याचं म्हणणं, एका माणसाचं नाव घालून त्याला देशातून हाकलायचा कायदा आजवर आपल्याकडे झालेला नाही. सिनेटमध्ये विधेयक अडलं. तुम्ही म्हणाल, चला, सुटला बिचारा. छे! त्याच महिन्यात, २८ जून १९४० ला, स्मिथ कायदा आला. त्यात नाव कुणाचंच नाही. सगळी मोठी, गोल शब्दयोजना: कुठलाही परका माणूस, जो देशात आल्यावर कधीही, आज नसला तरी पूर्वी केव्हा, अमक्या प्रकारच्या संघटनेत असेल, तो हद्दपारीला पात्र. विधेयकाच्या बाजूचा एक सभासद तर सभागृहात उघड म्हणाला, ब्रिजेसच्या नावाच्या विधेयकाने जे साधायचं होतं ते आता कायदेशीर रीतीने साधेल, ह्याचा मला आनंद आहे.

मग दुसरी चौकशी. १९४२ ला हद्दपारीचा हुकूम. १८ जून १९४५ ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध तीन मतांनी तो हुकूम मोडला. त्याच वर्षी ब्रिजेस नागरिक झाला. तरी सोडला नाही. नागरिक होताना खोटी शपथ घेतली म्हणून खटला, शिक्षा. १९५३ ला सुप्रीम कोर्टाने तीही रद्द केली. मग नागरिकत्व काढून घ्यायचा दावा, त्यात सरकार १९५५ ला हरलं. सोळा वर्षं एक देश एका हमालाच्या मागे लागला होता. तो पुरून उरला, १९९० साली म्हातारा होऊन मेला.

त्याच युनियनचा दुसरा गडी आर्ची ब्राउन. हा तर उघड कम्युनिस्ट. गोदी कामगारांनी त्याला कार्यकारिणीवर निवडून दिला. १९५९ च्या कायद्यात लिहिलेलं की कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदाने युनियनचा पदाधिकारी होणं हाच गुन्हा. त्याने काय केलं हे कुणी विचारलंच नाही, तो कोण एवढ्यावर सहा महिन्यांची शिक्षा. ७ जून १९६५ ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते कलम उडवलं. अमेरिकेच्या घटनेत १७८७ पासूनच लिहिलंय की विधिमंडळाने खटल्याशिवाय माणसाला शिक्षा देणारा कायदा करायचा नाही. असा कायदा म्हणजे विधिमंडळाने कोर्टाचा डगला चढवणं. आणि कोर्टात निदान बचावाचा वकील उभा राहू शकतो.

आपल्या घटनेत तसं वेगळं कलम नाही. पण बाबासाहेबांच्या मसुदा समितीतून आलेलं कलम १४ आहे: कायद्यापुढे सगळे समान. आणि कलम २० आहे: गुन्हा घडला तेव्हा जो कायदा होता त्याहून जास्त शिक्षा मागाहून देता येत नाही. तिसरी मागणी ह्या दोन्ही कलमांवर आपटते. खोपटी आधी जळाली, कायदा आपण आता मागतोय.

कुणी म्हणेल, आपण गरिबांनी कलमं कशाला सांभाळायची? ती त्यांची भाषा आहे. मी म्हणतो, एक क्षण आपलाच इतिहास आठवा. ज्या पुस्तकाला २५ डिसेंबर १९२७ ला महाडात काडी लावली त्यात हेच होतं. गुन्हा एक, पण करणारा कोण आणि सोसणारा कोण हे बघून शिक्षा. आणि इंग्रजाने काय केलं? १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट. जमातीचं नाव यादीत चढलं की आईच्या पोटातून पडलेलं पोर गुन्हेगार. पारधी, कैकाडी, भामटा, रोज हजेरी द्या, गाव सोडायचं तर पास काढा. सोलापूरची सेटलमेंट काटेरी तारेत होती आणि तिथली माणसं गिरणीत राबायला जायची. १९५२ ला तो कायदा गेला. यादीतून नाव निघालं, पोलिसाच्या डोक्यातून अजून निघालेलं नाही. मग ज्यांची नावं घालून कायदे झाले त्यांनीच नाव घालून कायदा मागायचा?

सोलापूर निघालं म्हणून एक अडचणीची गोष्ट सांगतो, कारण लपवायची म्हटली तरी ती माझ्या विरोधात जाते. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १९४९ साली कारभाराच्या गोंधळात बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर. केंद्र सरकारने १९५० ला त्या एकाच कंपनीच्या नावाने कायदा केला आणि कारभार ताब्यात घेतला. एक भागधारक, चिरंजितलाल चौधरी, सुप्रीम कोर्टात गेला: गिरण्या काय आमच्या एकट्याच बुडाल्या? आमच्यापुरताच कायदा का? ४ डिसेंबर १९५० ला तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. तिघं म्हणाले, परिस्थिती खास असेल तर एकटी कंपनीसुद्धा वेगळा वर्ग होऊ शकते, भेदभाव झालाय हे अर्जदाराने दाखवावं. दोघं म्हणाले, निवडीचं कारणच कायद्यात नाही तर तो बिचारा दाखवणार काय?

मी तिथे कामगार असतो तर त्या तिघांच्या निकालावर पेढे वाटले असते. खरं सांगतो. चूल पेटायची असली की माणूस कलम १४ बघत नाही. पण पुढचं बघा. १९५१ ला उद्योगांच्या विकासाचा आणि नियमनाचा सर्वसाधारण कायदा झाला आणि १९५३ च्या दुरुस्तीने त्यात कुठल्याही बुडत्या कारखान्याचा कारभार सरकारने घ्यायची तरतूद आली. त्यात सोलापूरचं नाव नाही, म्हणूनच तो नागपूरच्या, मुंबईच्या कामगारालाही मागता आला. एका गिरणीच्या कायद्यावर दुसऱ्या गिरणीच्या कामगाराला बोट ठेवता येत नाही.

आणि आता थेट आपल्यासारखंच प्रकरण. बिहारात चंपारणमध्ये बेतिया राजची जमीन कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यात होती. त्यातली २०० बिघे साठीची जमीन १९४६ साली एका घराण्याला मिळाली. बोंब झाली, मेहेरबानी झाली म्हणून. बिहार सरकारने १९५० ला खास कायदा केला: ह्या लोकांना दिलेली ही जमीन परत. हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्दबातल केला. व्यवहार बेकायदा होता तर कोर्टात जा, सिद्ध करा. बाकी सगळ्यांना कोर्टाचं दार उघडं आणि ह्या एवढ्यांनाच बंद, हे चालणार नाही. झालं काय? ज्याच्यावर बोट होतं तोच कोर्टातून अन्याय झालेला माणूस म्हणून बाहेर पडला. आपला बागायतदारसुद्धा असाच छाती काढून गावात फिरेल. गुलाल उधळेल. त्याला हे बक्षीस आपण आपल्या ठरावातून द्यायचं?

उलट बाजूही बघून ठेवा, कारण नाव फक्त मारायला घालतात असं नाही, तारायलाही घालतात. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाने पंतप्रधान इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. आणीबाणी आली. ऑगस्टमध्ये घटनेची ३९ वी दुरुस्ती झाली. पंतप्रधानांच्या निवडणुकीला आधीचा कायदा लागू नव्हताच असं समजावं, कोर्टाचा निकाल रद्द समजावा. नाव नव्हतं, पण खुर्ची एकच होती. ७ नोव्हेंबर १९७५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलम उडवलं. आणि तरी निवडणूक वाचली! कारण निवडणुकीचा साधा कायदाही मागच्या तारखेपासून बदलून ठेवला होता, सगळ्यांसाठी, गोल शब्दांत. अगदी स्मिथ कायद्यासारखं.

म्हणून मी असं म्हणत नाही की "सर्वांसाठी" हा शब्द दिसला की टाळ्या वाजवा. गायरानावरचं अतिक्रमण काढण्याचा नियम सर्वांसाठीच असतो, पण बुलडोझर पहिला कुणाच्या दारात येतो? कायदा कुणाला डोळ्यासमोर धरून, कुठल्या तारखेपासून लावलाय हे बघायला लागतं. गोल शब्दांतून एकाला टिपता येतं. पण नावच घातलं तर लपवायचीसुद्धा गरज उरत नाही.

आता कुणाच्या तरी जिभेवर आलंच असेल: मग अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा काय, तोही खासच की! सवर्णांची पोरं कॉलेजात हेच तोंडावर फेकतात, म्हणून उत्तर पक्कं करून घ्या. १९८९ च्या त्या कायद्यात गुन्हेगार म्हणून कुणाचंही नाव नाही. त्यात कृत्यं लिहिलीत. घर जाळणं, जमिनीवरून हुसकणं, पाणी तोडणं. जो करेल तो स्वतःच्या हाताने स्वतःला त्यात ओढतो. जो करत नाही त्याला जन्मभर त्या कायद्याचा वाराही लागत नाही. क्रिमिनल ट्राइब्जच्या कायद्यात पारध्याने काहीही न करता तो आत होता. एवढा फरक ज्याला दिसत नाही त्याला तो बघायचाच नाही.

आणि हा कायदा आपण वाचलाय का? मी मॅट्रिक आहे, मला चार रात्री लागल्या. कलम ३ मध्ये राहतं घर आगीने नष्ट केल्यास जन्मठेप आहे. कलम ७ म्हणतं, दोषी ठरल्यावर गुन्ह्यासाठी वापरलेली मिळकत, स्थावर असो जंगम असो, विशेष न्यायालय सरकारजमा करू शकतं. खटला चालू असताना जप्तीही करू शकतं. म्हणजे ज्या ट्रॅक्टरवरून माणसं आली तो ट्रॅक्टर. कलम १० म्हणतं, अत्याचार करील अशी शक्यता असलेल्या माणसाला ठरावीक मुदतीसाठी भागाबाहेर काढता येतं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर सरकारने अत्याचारप्रवण म्हणून ठरवलेल्या भागातसुद्धा. कलम ४ म्हणतं, ज्या सरकारी नोकराने कर्तव्यात कसूर केली त्यालाही शिक्षा. तपास साठ दिवसांत संपवून आरोपपत्र. तपास करणारा डीवायएसपीच्या खालचा नको. कलम १५ अ मध्ये साक्षीदारांचं संरक्षण.

जप्ती आहे, हद्दपारी आहे. तिसऱ्या मागणीत जे मागितलंय त्यातलं बरंचसं आधीच लिहून ठेवलेलं आहे, कुणाचंही नाव न घेता. मग अडतंय कुठे? पोलीस ठाण्यात अडतंय. फिर्याद घेताना कलमच लावत नाहीत. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ ला सहा जणांना फाशी सुनावली, नागपूर खंडपीठाने २०१० ला ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. आणि दोन्ही कोर्टांत अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा काही लागला नाही. अख्ख्या महाराष्ट्राला जे दिसत होतं ते कागदावर चढलं नाही. तिथे कमी पडला तो नावाचा कायदा नव्हता.

२० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ह्या कायद्याची धार बोथट केली तेव्हा २ एप्रिलला देशभर माणसं रस्त्यावर उतरली. काही ठिकाणी जीव गेले. त्या दिवशी कुणी अमक्या पाटलाच्या नावाचा कायदा मागितला नाही. सगळ्यांसाठी असलेला कायदा होता तसा परत द्या एवढंच मागितलं, आणि ऑगस्टमध्ये संसदेला तो द्यावा लागला.

शेवटचा एक हिशेब. विधानसभेत हात कुणाचे जास्त आहेत? आज आपण त्यांना सांगितलं की एका माणसाचं नाव घालून त्याची जमीन घ्या, तर उद्या त्यांना आपल्यातल्या कुणाचं नाव घालायला शिकवायची गरज राहील का? ब्रिजेसला तीनशे तीस हात होते विरोधात. इथे समोर बसलेल्या तुझ्यासाठी, दोस्ता, किती लागतील?

मी तिसरी मागणी खोडून नवी लिहून आणलीय. वाचतो. "सदर गुन्ह्यात अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्याची कलमे तात्काळ लावावीत, तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देऊन साठ दिवसांत आरोपपत्र दाखल करावे, कलम ७ खाली जप्तीसाठी अर्ज करावा, तालुका अत्याचारप्रवण क्षेत्र जाहीर करून कलम १० खाली कार्यवाही करावी, साक्षीदारांना संरक्षण द्यावे, आणि फिर्याद घ्यायला टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यावर कलम ४ खाली कारवाई करावी."

जुनीपेक्षा लांब झालीय, बॅनरवर मावणार नाही हे मान्य. कुणाला शब्द बदलायचे असतील तर कागद इथे ठेवतो. जिल्हाधिकारी सोमवारी अकराला भेटणार आहेत.